तुडुमाखालची मासोळी

ती मासोळी मी हातात धरली आहे, खाल्ली आहे, तिचे काटे दातांतून उपसून काढले आहेत. पण पाण्यात जिवंत असताना ती मला एकदाही दिसली नाही. लग्नानंतरचं सारं आयुष्य त्या तलावाकाठी गेलं. शेंबडी पोरंसुद्धा पाटात वाकून "ते पहा, ते पहा" करत, आणि मी आपला गोट्यांकडे बघत "हो, हो" म्हणे. त्या हो-होची लाज मला अजून वाटते. म्हातारपणी चष्मा आला, पण तो लावून त्या पाटात डोकावण्याची हिंमत काही झाली नाही.

तलाव गावाच्या वरच्या अंगाला होता. त्याच्या मातीच्या बांधाला आमच्याकडे पार म्हणतात, आणि पारीच्या पोटातून धानाला पाणी सोडायची जी दगडी वाट असते तिला तुडुम. धान पिकेपर्यंत तुडुमातून पाणी धो धो येई आणि खालच्या पाटात आपटे. वर्षानुवर्षं आपटून तिथली माती कधीच वाहून गेली होती. उरले होते नुसते गोटे, काळे, तांबूस, भुरे, कुठे शेवाळ धरलेले. ही मासोळी त्या गोट्यांत राही. बोटाएवढी. डोकं रुंद आणि चपटं, डोळे पार टाळूवर, अंगभर रेती सांडल्यासारखे ठिपके. पोटाखालचे पर जुळून त्यांची लहानशी वाटी झालेली असते. त्या वाटीने ती गोट्याला अशी चिकटते की पाण्याची कितीही ओढ असो, हलत नाही. काळ्या गोट्यावर बसली की काळपट होते, रेतीवर उतरली की फिकी पडते. माणसाची सावली पडली तर बाकीच्या मासोळ्या पळून जातात. ही पळत नाही, अंग दाबून बसते. भर पाण्याच्या दिवसांत मादी गोट्याच्या खालच्या बाजूला अंडी चिकटवून निघून जाते आणि नर तिथंच बसून त्यांची राखण करतो. यातलं मी माझ्या डोळ्यांनी काहीही पाहिलेलं नाही. हे सगळं मला बायकोने, शेजाऱ्यांनी आणि माझ्या बोटांनी सांगितलेलं आहे.

ढिवर लोक तलावात जाळी टाकत. त्यांच्या जाळ्यात मोठी मासळी येई. पाटातली ही बारकी मासोळी जाळ्यात सापडत नसे, म्हणून तिच्यावर कोणाचाच हक्क नव्हता. तिला धड नावही नव्हतं. गोट्यातली मासोळी म्हटलं की झालं.

मी मूळचा कुडव्याचा. गोंदियाला लागूनच आहे ते गाव. घरात भाऊ पुष्कळ आणि धानाच्या बांध्या थोड्या, त्यामुळे मी गोंदियात तेंदूपानाच्या गोदामात गठ्ठे उचलायला जात असे. तिथं सारा कारभार हिंदीत चाले. मीही "क्या बात है" आणि "चलो भाई" करत हिंडे, स्वतःला शहरी समजे. अशात दरेकशाच्या अलीकडच्या एका गावातून स्थळ आलं. मुलगी एकुलती एक, शेत भरपूर, पण अट अशी की जावयाने तिथंच येऊन राहायचं. भावांनी माझ्याकडे न बघताच होकार दिला. मीही नाही म्हटलं नाही.

घरजावई ही काय चीज असते ते ज्याचं त्यालाच ठाऊक. ताटात दुसऱ्यांदा भात पडला तरी वाटतं, भात नव्हे, उपकार वाढले. सालेकशाच्या बाजारात कोणी विचारी, "कोनाचे होय तुमी?" मी तोंड उघडायच्या आत शेजारचा सांगून टाके, "अमक्याचा घरजवाई होय तो." मग विचारणारा माझ्याकडे जरा निरखून पाही, जसं काही माझ्या पाठीवर दुसऱ्याच्या मालकीचा डाग दिलेला आहे. मी मुळातला तापट. गोदामात असतो तर एखाद्याची मानगूट धरली असती. इथं मात्र हसून मान डोलवायची. शेजारच्या बायका तर पाटावर धुणं धुताना मला ऐकू जाईल अशाच बेताने म्हणत, "गोट्यातला नर असाच अस्ते माय, दुसऱ्याच्या गोट्याखाली घर करून बसते." आणि खो खो हसत.

माझी नजर अधू आहे हे मला त्या गावी जाईपर्यंत माहीतच नव्हतं. हातभर अंतरावरचं मला अगदी लख्ख दिसे. सुईत दोरा ओवायचा असला की भावजया मलाच हाक मारत. त्यापलीकडचं सगळं मात्र पुसट, ओल्या हातानं पुसलेल्या पाटीसारखं. पण जन्मल्यापासून तसंच दिसत आलेलं, मग ते कमी आहे हे कळणार कसं? मला वाटे, जगाला एवढंच दिसतं. माणसं मी चालीवरून ओळखी, खोकल्यावरून ओळखी, आणि त्यात मी बऱ्यापैकी हुशार होतो. गोदामात तेंदूपान हाताने चाचपायचं, गठ्ठा पाठीवर घ्यायचा. तिथं दूरचं पाहतो कोण?

लग्नानंतरच्या कार्तिकात बायको मला पाट दाखवायला घेऊन गेली. धान पिकलं की तुडुम बंद करतात. मग पाटातलं पाणी उतरतं आणि गोट्यांमध्ये घोट्याएवढी डबकी राहतात. ती लुगड्याचा काठ सावरत पाण्यात उतरली, एकदम थबकली आणि म्हणाली, "ते पहा."

"कुठं?"

"हे काय, तुमच्या पायापाशी. आंगठ्याजवळ बसून राहिली."

मी वाकलो. मला माझा अंगठा दिसत होता, तोही अंदाजाने. त्याच्या भोवती भुरा-काळा गिचका. मी आणखी वाकलो तशी उन्हाची तिरीप डोळ्यांत गेली.

"काऊन थट्टा करून राहिली?" मी भडकलो. मला खरंच वाटलं, घरजावयाची मजा करायला हिने मला इथं आणलं आहे.

तिचं हसू मावळलं. तिने एक खडा उचलून हलकेच टाकला, पाणी गढूळ झालं. "गेली," ती म्हणाली. "दिसली का आता?"

"हो, दिसली," मी म्हणालो.

तो माझा पहिला हो. दुसऱ्या दिवशी मी शेतात एकटा उभा राहिलो आणि एकदा हा डोळा मिटून, एकदा तो डोळा मिटून डोंगराकडे पाहिलं. बायको म्हणायची, डोंगरावर मोहाची झाडं वेगळी ओळखू येतात. मला डोंगर म्हणजे नुसता एक निळा डाग दिसत होता. तेव्हा कळलं. शेतात राबायला म्हणून विकत आणलेला बैल घरी आल्यावर लंगडा निघावा, तसं झालं होतं. त्या काळात चष्मा लावत ते स्टेशनमास्तर आणि वकील. नांगरामागे चष्मा लावून चाललेला माणूस त्या गावाने कधी पाहिला नव्हता, आणि पाहिला असता तर हसून हसून लोळला असता.  कोणी काही दाखवलं की हो म्हणायचं, एवढं ठरवून टाकलं.

माझे सासरे, मी त्यांना मामाजी म्हणे, उंच, काटकुळे, शब्दाला महाग. डोक्याला पांढरं मुंडासं, हातात काठी. बांधीबांधीतून ते असे चालत की पायाखाली काय आहे हे बघायचीही त्यांना गरज नसे. मला मात्र ते कायम पुढे घालत. "जवाई, तुमी समोर चाला." मी समोर चाले. मागून त्यांच्या काठीचा ठक ठक आवाज, आणि मला वाटे, गुरं हाकून राहिला हा माणूस. धान कापणीला आलं की नाही हे विचारलं तर म्हणत, "तुमीच पहा." बाजारात मिठाचा भाव, बैलाचा रंग, आभाळात ढग, काहीही विचारा, उत्तर एकच, "तुमीच पहा." या दोन शब्दांनी माझं डोकं फिरे. मनात म्हणे, म्हाताऱ्याला मुलगा नाही, तर तो माझ्यावर सूड उगवतो आहे. मला मुद्दाम अडवतो आहे.

त्यांचं बैलाचे दात बघणं बाजारात प्रसिद्ध होतं. दुसरे लोक बैलाचा जबडा उघडून डोकावत. मामाजी नुसता हात घालत आणि बोटांनी चाचपून वय सांगत. लोक म्हणत, याला म्हणतात अनुभव. मीही म्हणे.

एकदा बाजाराहून परतताना रस्त्याच्या कडेला मला कोणीतरी उभं दिसलं. मालगुजाराचा माणूस त्या वाटेनं येणार होता, म्हणून मी वाकून मोठ्यानं "रामराम" घातला. मागून मामाजींनीही काठी काखेत धरून दोन्ही हात जोडले आणि "रामराम जी" म्हणाले. उत्तर आलं नाही. जवळ गेलो तर तो तोडलेल्या झाडाचा बुंधा! मामाजींचा पुतण्या आमच्या मागून डोक्यावर गाठोडं घेऊन येत होता. तो खाली बसून हसला. "भाऊजीनं झाडाले रामराम केला, आन काकानं बी केला!" मामाजींनी काखेतली काठी पुन्हा हातात घेतली. मी घरी येईपर्यंत आतल्या आत जळत होतो. मला वाटलं, म्हाताऱ्यानं माझी नक्कल केली. चारचौघांत माझी शोभा करायला झाडाला हात जोडले.

हा पुतण्या शेजारीच राही. काकाची शेती आपल्याकडे यायची ती या उपऱ्याने अडवली, हे त्याच्या मनात होतं आणि ते तो लपवतही नसे. नजर घारीसारखी. पारीवर उभा राहून तो पाटातली मासोळी दाखवी आणि मला हटकून विचारी, "दिसली का भाऊजी?"

पुढे बायकोला दिवस गेले आणि कार्तिकातच मुलगी झाली. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही अशी त्या घराची रीत, त्यामुळे मी मुलगी पाहिली नव्हती, नुसती ऐकली होती. आणि ऐकणं सोसवत नव्हतं. दूध उतरत नव्हतं. पोर रडून रडून बसक्या आवाजात कण्हत राही. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्याने पाजून पाहिलं, ते तिच्या पोटात ठरेना. सुईण म्हणाली, गोट्यातल्या मासोळीचा रस्सा द्या, दूध येईल. आता त्या घरची आणखी एक रीत: बाळंतिणीला द्यायची ती पहिली मासोळी मुलाच्या बापाने स्वतःच्या हाताने गोट्याखालून काढायची. जाळं नाही, टोपली नाही, दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नाही. लागला तर तिचा गुण जातो.

दाराच्या फटीतून बायकोचा आवाज आला. "आयकता का... आनान ना?"

"आनतो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

सकाळी ऊन वर आल्यावर मामाजी पाण्यानं भरलेलं गाडगं घेऊन निघाले. पुतण्या आडवा आला. "मी येतो काका. भाऊजीले घावते का गोट्यातली मासोळी?"

"तुह्यं काई काम नाई," मामाजी म्हणाले. पुतण्या तोंड वाकडं करून मागे फिरला. मला मोकळं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली. म्हटलं, आता पाटात आम्ही दोघंच. म्हातारा उभा राहून माझी फजिती बघणार.

पाटातलं पाणी गार होतं. मी गोटे उचलू लागलो. एक गोटा उचलला की खालून गढूळ पाणी उठे, ते बसेपर्यंत वाट बघायची, आणि बसल्यावर मला दिसणार तरी काय? मामाजी गाडगं धरून काठावर उभे.

"दिसली का?" त्यांनी विचारलं.

"तुमाले दिसून राहिली का मामाजी?"

"तुमीच पहा."

तेव्हा माझं टाळकं सटकलं. तिकडे पोर उपाशी, आणि याला अजून टोमणे सुचतात! मी रागाने दोन्ही हात पाण्यात खुपसले, जे हाताला लागलं ते मुठीत धरलं आणि "घावली" म्हणून ओरडलो. मूठ गाडग्यात सोडली. सोडताना बोटांना कळलं की ते सागाचं कुजकं पान आहे. पण शब्द तोंडातून गेलेला. वाटलं, आता म्हातारा डोकावेल, पान बघेल आणि गावभर सांगेल.

मामाजींनी गाडगं तोंडापाशी नेलं. मान वाकवून आत पाहिलं, चांगलं निवांत पाहिलं. आणि म्हणाले, "बरी हाये. चांगली जाड हाये."

मी जागीच उभा राहिलो. पाणी घोट्यांना लागत होतं तेही कळेना. बैलाचे दात, मागून येणारी काठी, झाडाला जोडलेले हात, एकेक आठवलं आणि एकेक उलटं झालं. या माणसाने माझी नक्कल कधीच केली नव्हती. मी रामराम म्हटलं म्हणून समोर माणूस आहे असं तो समजला होता. माझ्या शब्दावर त्याने हात जोडले होते.

"मामाजी," मी म्हणालो, "ते पान होय."

त्यांनी गाडग्यात दोन बोटं घातली. पान वर काढलं, चाचपलं, पाण्यात टाकलं. मग काठीने मागचा गोटा शोधला आणि त्यावर बसले.  आयुष्यात त्या माणसाला मी तसं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"मले दिसत नाई जवाई," ते म्हणाले. "पयले सारवल्यावानी झालं, आता त उजेड आन अंधार, येवढंच. पुतण्याले समजलं अस्तं त त्यानं शेतात पाय टाकला अस्ता. पोरीले कोन पुसते मंग? म्हून बाहेरचा जवाई आनलो. घरात नजर पाह्यजे होती. तुमी आले, मले धीर आला."

घरात नजर पाहिजे होती. म्हणजे मला आणलं होतं ते यासाठी. रोज मला पुढे घालून हा माणूस माझ्या डोळ्यांनी चालत होता, आणि मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. मला इतकी लाज वाटली की पाटात जागा असती तर मीच एखाद्या गोट्याखाली शिरलो असतो. आणि सर्वात वाईट ते सांगायचं अजून बाकीच होतं.

"मामाजी," मी म्हणालो, "मले बी नाई दिसत."

त्यांना वाटलं, मी मासोळीचं म्हणतो आहे. "दिसन, जरा दमानं पहा."

"मासोळी नाई जी. काहीच नाई दिसत. हातभर दिसते, त्याच्या समोर सारं गिचका. झाडाले रामराम मी खरंच मानूस समजून केला होता."

ते माझ्याकडे तोंड करून बसून राहिले, म्हणजे मी होतो त्याच्या जरा डावीकडे तोंड करून. एका आंधळ्याने डोळे म्हणून दुसरा अर्धा आंधळा घरात आणला होता, आणि दोघं मिळून बोटाएवढी मासोळी शोधत होतो. मला हसू यावं की रडू, कळेना.

तेवढ्यात पारीवरून बांगड्यांचा आवाज आला. सासूबाई. आमच्या मागोमाग त्या कधी आल्या आणि किती वेळ उभ्या होत्या, देव जाणे. जावयासमोर सासूने तोंड दाखवायचं नाही, बोलायचं तर नाहीच. लग्न झाल्यापासून त्यांचा आवाज मी भिंतीपलीकडूनच ऐकला होता. त्या पदर पार नाकापर्यंत ओढून खाली उतरल्या, मामाजींच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या आणि नवऱ्याच्या मुंडाशाकडे बघत म्हणाल्या, "जवायाले सांगा, तांबडा गोटा. त्याच्या खालच्या अंगाले."

मामाजींनी माझ्याकडे तोंड केलं. "जवाई, तांबडा गोटा. खालच्या अंगाले."

"कोनता तांबडा?" मला सगळेच सारखे.

"जवायाले सांगा, डावा पाय हाये त्याच्या बाजूले."

"डाव्या पायाच्या बाजूले, जवाई."

मी हात घातला. बोटांना काहीतरी गार, बुळबुळीत लागलं, क्षणभर ताठ झालं आणि निसटलं. सासूबाईंनी च्च केलं. "समोर गेली. जवायाले सांगा, दोनी हात पसरा, गोट्याच्या दोनी बाजूनं." मामाजींनी सांगितलं. तोवर ती आणखी सरकली. असं किती वेळ चाललं! त्यांनी नवऱ्याला सांगायचं, नवऱ्याने मला सांगायचं, आणि निरोप माझ्यापर्यंत पोचेस्तोवर मासोळीने घर बदललेलं. मामाजी घाईत निरोपातला डावा-उजवा बदलून टाकत, मग सासूबाई त्यांच्यावर खेकसत, तेही कुजबुजत. माझे हात गारठले होते. पोरीचा बसका आवाज कानात होता.

मग एकदम सासूबाईंनी डोक्यावरचा पदर मागे टाकला. "हलू नोका जवाई!" त्या सरळ मला म्हणाल्या. "तुमच्या हाताखालीच हाये. हलू नोका. आता दाबा!"

मी दाबलं. तळव्याखाली ते थंड, जिवंत अंग तडफडलं. मी मूठ मिटली आणि गाडगं येईपर्यंत उघडली नाही. मामाजींनी गाडग्यात हात घालून खात्री केली, आणि त्यांच्या तोंडावर जे उमटलं ते मला चांगलं दिसलं, कारण ते अगदी माझ्याजवळ वाकले होते. त्यानंतर सासूबाई पाटाच्या मधोमध उभ्या राहून नुसती आज्ञा करत गेल्या, "उजव्या हाताले, खाली, थांबा, आता." रश्श्यापुरती मासोळी मिळाली. सगळी माझ्या हातची, रीत मोडली नाही. परत निघताना त्यांनी पदर पुन्हा ओढून घेतला, आणि पारीवरून त्या पुढे, त्यांच्या बांगड्यांच्या आवाजामागे आम्ही दोघं चाललो.

दारात पुतण्या बसलेला होता. त्याने गाडग्यात डोकावून पाहिलं आणि पाय आवरून वाट दिली. लसूण घातलेला, तिखट नसलेला रस्सा खोलीत गेला. दूध आलं. ते मासोळीने आलं की यायचंच होतं म्हणून आलं, मला सांगता येणार नाही. सुईण सगळा मान मासोळीला देई. पोरीचं रडणं थांबलं, आणि ते थांबल्यावर मला माझं भवितव्य ऐकू येऊ लागलं.

मामाजी माझ्याशी बोलत नव्हते. शेतावर जाताना "समोर चाला" म्हणत नव्हते, एकटेच काठी टेकत जात. मी समजून गेलो. ज्या कामासाठी आणलं ते काम याच्याने होत नाही, मग ठेवायचं कशाला? पुतण्या ओसरीवर त्यांच्यापाशी येऊन बसू लागला होता. मी माझं धोतर, बंडी आणि तांब्या असं गाठोडं बांधून कोपऱ्यात ठेवलं. भाऊ काय म्हणतील, याची मनातल्या मनात उजळणी सुरू केली. बायकोला आणि पोरीला न्यायचं म्हटलं तर न्यायचं कुठं? रागही येत नव्हता. नुसती लाज वाटत होती, आणि ती कोणावर काढावी हे समजत नव्हतं.

सोयर फिटलं तसं सासूबाईंनी पोरीला तेल लावून अंगणात उन्हाला आणलं आणि मामाजींच्या मांडीवर देऊन त्या आत गेल्या. पुतण्या ओसरीवरच होता.

"तू जाय घरी," मामाजी त्याला म्हणाले. तो गेल्याची चाहूल घेऊन त्यांनी मला हाक मारली. "जवाई, इकडे या."

मी गेलो. म्हटलं, आलं आता. मी आपणच सांगून टाकलं, "मी गाठोडं बांधून ठेवलं हाये, मामाजी."

"कायचं गाठोडं?" ते म्हणाले. त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी पोरीला दोन्ही हातांनी माझ्याकडे धरलं आणि आवाज खाली आणला. "जवाई, हे कोनावर गेली? कोनाले इचारू? इचारलं त समजते साऱ्याईले. तुमाले हातभर दिसते म्हनले ना तुमी?"

मी तिला हातात घेतलं. हातभरही नाही, वीतभर अंतरावर ती होती, आणि त्या घरात आल्यापासून मी कोणाला इतकं स्वच्छ पाहिलं नव्हतं. मी सांगत गेलो. कपाळ तुमच्यासारखं, रुंद. भुवया अजून नाहीतच, नुसती लव आहे. हनुवटी तिच्या आईची. डाव्या कानाची पाळी दुमडलेली आहे. नाकावर राळ्याच्या दाण्यांपेक्षा बारीक पांढरे ठिपके आहेत. वरच्या ओठाला दूध पिऊन फोड आला आहे. मामाजी मान हलवत एकेक ऐकत होते, पुन्हा विचारत होते, कोणता कान म्हणाले, डावा का? 

मग "आन नजर?" त्यांनी विचारलं. "पाहते का बराबर?"

पोरीने डोळे उघडले होते. माझ्याकडे नाही, पलीकडे त्यांच्या तोंडाकडे ती टक लावून होती.

"पाहते, मामाजी," मी म्हणालो. "तुमच्याकडंच पाहून राहिली."

मामाजी गडबडले. त्यांनी घाईघाईने मुंडासं सोडून पुन्हा नीट बांधलं, मिशीवरून हात फिरवला, आणि तिच्यासमोर ताठ बसले.